चौथ्या दिवसाचं ड्रेसिंग

आबा,

मागच्या सोमवारी आमच्या मलमाला माणसांवर वापरून बघायची परवानगी मिळाली. पत्र आलं तेव्हा मी प्रयोगशाळेच्या मागच्या बाजूला बेसिनपाशी हात धूत होते. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, कुणीतरी पेढे आणायला धावलं. माझ्या मनात मात्र पहिल्यांदा आलं ते हे, की ही गोष्ट तुम्हाला सांगायला हवी. कारण माझ्या ओळखीच्या माणसांत मलम आधी बोटावर घेऊन बघणारे तुम्ही एकटेच होतात. किती घट्ट आहे, पसरतं कसं, वास कसला येतो, उकाड्यात पाणी सुटेल का. बाकीचे आम्ही सगळे आधी कागद बघतो. तुम्ही जाऊन आता अठरा वर्षं झाली. इतक्या वर्षांत मी तुम्हाला काही लिहिलं नाही, आणि तुम्ही होतात तेव्हासुद्धा माझी पत्रं आईच्या नावाने यायची. शेवटी एक ओळ असायची, आबांना सांग बरी आहे म्हणून.

पोलादपूरच्या बाजारातला तो दवाखाना आता नाही. तिथे मोबाइलचं दुकान आहे. पण स्टँडकडून चालत आले की माझे पाय अजून तिथे मंदावतात. पुढे दोन बाकडी, आत डॉक्टरांची खोली आणि मधल्या भिंतीत तुमची खिडकी. खिडकीच्या आत तुम्ही, पांढऱ्या अर्ध्या बाह्यांच्या शर्टात, समोर मिक्श्चरच्या बाटल्या, बाटल्यांवर डोसाच्या खुणा कातरलेल्या कागदी पट्ट्या. वरच्या वाड्यांतून उतरून आलेली माणसं तुम्हालाच डॉक्टर म्हणायची आणि तुम्ही दर वेळी, अगदी दर वेळी, सांगायचात, "मी कंपाउंडर. डॉक्टर आत हायत." मला लहानपणी याचा राग यायचा. म्हणू द्यावं की, असं वाटायचं.

पण तुमची खरी जागा खिडकी नव्हती, खिडकीच्या मागचं ड्रेसिंगचं टेबल होतं. कोयता लागलेले, विंचू चावलेले, गुरांनी शिंग मारलेले, बिरवाडीकडच्या कारखान्यात हात भाजून थेट गावाकडे पळून आलेले, असे सगळे तिथे बसायचे. डॉक्टर एकदा बघून जायचे आणि मग तुम्ही आणि ती जखम. तुम्ही जखमेशी घाई करत नव्हतात. चिकटलेलं कापड ओढून काढताना मी तुम्हाला कधी पाहिलं नाही. आधी ते ओलं करायचं, मग थांबायचं, मग पुन्हा ओलं करायचं, आणि तोवर त्या माणसाला विचारत राहायचं, भात किती लावलाय, म्हैस व्याली का.

आमच्या घरात दोन कुकर होते. एक भाताचा आणि एक गॉजचा. दुपारी जेवणं झाली की आई चुलीपाशी बसून गॉजचे चौकोन कापायची, मी घड्या घालायची, आणि तुम्ही ते डब्यात रचून कुकरमध्ये ठेवायचात. शिट्ट्या मोजायचं काम माझं. एकदा घाईत आईने गॉजच्या कुकरमध्ये डाळ लावली तेव्हा तुम्ही घरात आवाज चढवलात. तेवढं एकदाच. आई म्हणाली, "डाळ काय इख हाय काय?" आणि तुम्ही तो कुकर तीन वेळा घासून, पुन्हा उकळून, मगच शांत झालात. जंतू डोळ्यांना दिसत नाहीत, पण त्यांना धाक दाखवावा लागतो, हे मी शाळेत नाही, त्या चुलीपुढे शिकले.

मी महाडच्या कॉलेजात सायन्सला गेले तेव्हा तुम्ही मला प्रॅक्टिकलसाठी एप्रन दिलात. डॉक्टरांचा जुना एप्रन होता तो, बाजारातल्या शिंप्याकडून बाह्या आखूड करून आणलेला. खिसे मात्र होते तिथेच राहिले, त्यामुळे हात घालायला मला वाकावं लागायचं. बाकीच्या मुलींचे नवे होते. एम.एस्सी.ला मुंबईला गेले तेव्हाही काही दिवस तोच घातला, मग एकदा ॲसिडने जळला असं तुम्हाला कळवून नवा घेतला. जळला वगैरे काही नव्हता, आबा. वसतिगृहाच्या खोलीत पेटीच्या तळाशी होता.

आता त्या दिवसाचं लिहिते. एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षात गणपतीला घरी आले होते. डोक्यात सगळं ताजं होतं, जंतू औषधाला कसे सरावतात, अर्धवट कोर्स कसे घातक असतात, आपल्या देशात गोळ्या कशा चण्या-फुटाण्यांसारख्या वाटल्या जातात. दुपारी तुमचा डबा घेऊन दवाखान्यात गेले. बाकडी भरलेली. वरच्या एका वाडीतली म्हातारी बाई आली होती, गवत कापताना विळा नडगीवर बसलेला. तिचा मुलगा आणि आणखी एक माणूस तिला डोलीत घालून घाटाखाली घेऊन आले होते. तुम्ही ड्रेसिंग केलंत, आणि खिडकीत येऊन कॅप्सूल कागदात बांधून तिच्या मुलाच्या हातात दिल्यात. "तीन दिवसांच्या हायत. चौथ्या दिवशी आजीला घेऊन ये, मग फुडच्या देतो."

मी डबा हातात धरून उभी होते. मला हळू बोलता आलं असतं. आत येऊनही बोलता आलं असतं. मी तिथूनच म्हटलं, "आबा, तीन दिवसांच्या कशाला? कोर्स सात दिवसांचा असतो. अर्धवट दिल्या की जंतू मरत नाहीत, उलट शहाणे होतात. तुमच्यासारख्या लोकांमुळे ही औषधं उद्या चालेनाशी होणार आहेत."

तुमच्यासारख्या लोकांमुळे. हे दोन शब्द मी तेव्हा किती सहज बोलले. आत डॉक्टर कुणाशी तरी बोलत होते, ते थांबले. तुम्ही माझ्याकडे बघितलंत. रागाने नाही. एखादी जखम बघताना बघायचात तसं, नक्की किती खोल आहे ते.

"पुस्तकात किती दिवस लिहिलंय?"

"सात."

"बरं."

तुम्ही त्या माणसाच्या हातातली पुडी परत घेतलीत, सोडलीत, बरणीतून आणखी कॅप्सूल घेऊन त्यात घातल्यात आणि पुन्हा बांधलीत. "सात दिवसांच्या हायत. मधी सोडू नका. आजीला बरं वाटलं तरी सगळ्या द्यायच्या." मग मला म्हणालात, "डबा ठेव आत."

रात्री घरी जेवायला बसलो. आईने विचारलं, "काय झालं गो? दोघं तोंड शिवल्यासारखी का बसलीत?" तुम्ही म्हणालात, "काय नाय. शिकून आलीय ती." मी ते टोमणा म्हणून ऐकलं. आता ते वाक्य पुष्कळ वेळा मनात म्हणून बघितलंय, आणि खरं सांगायचं तर त्यात टोमणा सापडत नाही.

त्यानंतर मी घरी कमी येऊ लागले. अभ्यास होताच, आणि तो आडोसाही होता. आई फोनवर सांगायची, आबा हल्ली रविवारी गळ घेऊन सावित्रीवर जातात, दिवसभर पत्ता नसतो. मला बरं वाटायचं. उतारवयात माणसाला काहीतरी छंद हवा, असं मी आईला शहाण्यासारखं सांगायचेसुद्धा.

चार वर्षं अशी गेली, आणि मग तुमच्या पायात खुंट घुसला. चपलेच्या तळव्यातून आरपार. कुठे, तर वाटेवर, एवढंच तुम्ही सांगितलंत, आणि आम्ही सगळे धरून चाललो की नदीवर जाताना. दुसऱ्यांच्या जखमा वीस वीस मिनिटं भिजवणारे तुम्ही, स्वतःची तुम्ही रुमालाने बांधून आठवडाभर कामावर गेलात. तुम्हाला साखर आहे हे तर कुणी तपासलंही नव्हतं. पाय काळा पडायला लागला तेव्हा महाडला नेलं, तिथून मुंबईला. मी मुंबईतच होते, पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षाला. वॉर्डात तुमच्या उशाशी मी बसायचे आणि आई दाराबाहेर.

जखमेतल्या पुवाचा रिपोर्ट आला तो दिवस. तो कागद कसा असतो ते मला रोजच्या कामामुळे माहीत होतं. डावीकडे औषधांची नावं, उजवीकडे एक अक्षर. एस म्हणजे औषध लागू पडतं, आर म्हणजे जंतू दाद देत नाही. मी तो घडी करून पर्समध्ये ठेवणार तेवढ्यात तुम्ही हात पुढे केलात. "दे इकडं." चष्मा लावून तुम्ही वरून खाली बोट फिरवत गेलात. ती सगळी नावं तुमच्या ओळखीची होती, जन्मभर तुम्ही त्याच बरण्या उघडल्या होत्या. आर, आर, आर. एका नावापाशी बोट थांबलं. "ही पण नाय? ही तर आता आता आलेली." खाली शेवटच्या एका इंजेक्शनपुढे एस होता, तेच चालू होतं, आणि त्यामुळे तुमची किडनी साथ सोडत होती. तेही तुम्हाला समजत होतं. तुम्ही कागद माझ्याकडे दिलात आणि म्हणालात, "तुझं बराबर होतं गो."

नाही आबा, असं नसतं, एवढं तरी म्हणायला हवं होतं. एका बाजारातल्या एका खिडकीतल्या पुड्यांनी हे होत नाही, हा जंतू तुम्हाला कुठूनही मिळाला असेल, याच वॉर्डात मिळाला असेल, हे मला तेव्हाही कळत होतं. पण मी बरोबर ठरले होते आणि तुम्ही ते मान्य केलं होतं. त्या क्षणी, तुमच्या खाटेशी बसून, माझ्या आत कुठेतरी बारीकसं समाधान झालं. ते लगेच गेलं. पण झालं होतं. पाच दिवसांनी तुम्ही गेलात.

त्यानंतर मी विषय बदलला. आधी मी दुसऱ्याच कशावर तरी काम करत होते. आता जे करते ते तुम्हाला चटकन समजलं असतं. जुनी औषधं जंतूच्या आत शिरतात आणि तिथलं एखादं काम बंद पाडतात. जंतू मग ते काम निराळ्या रीतीने करायला शिकतो, किंवा औषध बाहेर फेकतो, किंवा त्याचे तुकडे करतो. आम्ही आत जायच्या भानगडीत पडत नाही. जंतूच्या अंगावर एक पातळ पापुद्रा असतो, पेशीपटल म्हणतात त्याला, आम्ही तोच फाडतो. त्या पापुद्र्यावर बाहेरून ऋण भार असतो. आमच्या रेणूचं एक टोक धन भाराचं, दुसरं टोक म्हणजे तेलकट शेपूट. धन टोक जाऊन चिकटतं, शेपूट पापुद्र्यात रुततं, पापुद्रा उसवतो आणि जंतूच्या आतलं बाहेर सांडतं. काही मिनिटांत. आणि अंगावरचा पापुद्राच बदलून टाकायचा म्हणजे जंतूलाही ते लवकर जमत नाही. आम्ही तेच जंतू थोड्या थोड्या औषधात आठवडेच्या आठवडे वाढवून बघितले. जुन्या औषधांना ते सरावले, याला नाही.

पण पापुद्रा आपल्या पेशींनाही असतो. हे वाक्य लिहायला सोपं आहे, त्यात माझी नऊ-दहा वर्षं गेली. रीतसर मिळालेलं रक्त घ्यायचं, त्यातल्या तांबड्या पेशी धुऊन मिठाच्या पाण्यात मिसळायच्या, त्यात आपलं औषध घालून उबेत ठेवायचं आणि मग यंत्रात गरगर फिरवायचं. पेशी धड असल्या तर तळाशी लाल गोळा बसतो आणि वरचं पाणी नितळ राहतं. फुटल्या असल्या तर पाणी लाल. माझं पाणी वर्षानुवर्षं लाल यायचं. शेपूट लांब ठेवलं की जंतू मरायचे आणि रक्तपेशीही. शेपूट आखूड केलं की रक्तपेशी वाचायच्या आणि जंतूही. मग भार सरकवून बघ, शेपटाच्या मुळाशी एक कडी घाल, ती काढ, दुसरीकडे घाल. प्रत्येक रेणूला नंबर द्यायचा आणि प्रत्येक नंबरापुढे वहीत लिहायचं, लाल.

एका मंगळवारी जेवणानंतर मी यंत्र उघडलं आणि नळी बाहेर काढली. वरचं पाणी नितळ होतं. मला वाटलं औषध घालायलाच विसरले. आमच्याकडे भांडी धुणाऱ्या मावशी आहेत, वीस वर्षं त्याच नळ्या धुतायत, त्या मागून वाकून म्हणाल्या, "मॅडम, ह्यात औषध घातलं होतं ना?" आम्ही दोघींनी वही बघितली. घातलं होतं. पुन्हा केलं, तीनदा केलं, दुसऱ्याच्या हातून करून घेतलं. नितळ. आणि त्याच नंबराने शेजारच्या बशीतले जंतू, तुमच्या रिपोर्टातल्या जातीचेच, एकजात मारले होते. मी जिन्यात जाऊन बसले. मावशी पाणी घेऊन आल्या.

पुढचं तेवढं चांगलं नाही. उंदरांना शिरेतून दिलं तेव्हा त्यांच्या किडन्या बिघडल्या. तुमच्यासारख्याच. म्हणजे ज्या माणसाच्या रक्तात जंतू पोचलाय त्याला हे औषध उपयोगाचं नाही. तुम्हाला वाचवू शकलं नसतं. हे मी तुम्हाला साफ सांगते, कारण पेपरात माझ्याविषयी जे छापून येतं त्यात हे नसतं. आमचे संचालक म्हणाले, "मॅडम, इतकी वर्षं काढलीत, पण आता थांबू या. इंजेक्शन होत नाही यातून." मी म्हटलं, कातडीवर लावलं तर काही होत नाही, मलम होईल. ते हसले. "मलमाला कोण संशोधन म्हणतं?" मी त्यांच्याशी भांडले, आबा. मी सहसा भांडत नाही, त्या दुपारनंतर माझा आवाज तसा कधी चढला नव्हता. मी म्हटलं, माणूस रक्तात जंतू घेऊन जन्माला येत नाही. आधी पायाला काहीतरी लागतं. मग आठवडा जातो. त्या आठवड्यासाठी आपल्याकडे काय आहे? त्यांनी हो म्हणायला आणखी दोन महिने लावले. आता चाचणी सुरू होईल. चालेल की नाही, माहीत नाही. माणसांच्या जखमेत चिकट पू असतो, रक्त असतं, माती असते, प्रयोगशाळेतल्या बशीत यातलं काही नसतं. फसूही शकतं.

हे सगळं एवढ्यासाठी लिहिलं की पुढचं सांगता यावं. गेल्या वर्षी महाडच्या माझ्या कॉलेजने मला व्याख्यानाला बोलावलं. तोच हॉल, पंखे नवे. एका तरुण प्राध्यापिकेने माझी ओळख वाचून दाखवली. शिक्षण, पदव्या, आणि मग, "मॅडमना घरातूनच वैद्यकीय वारसा लाभला, त्यांचे वडील पोलादपूरला वैद्यकीय क्षेत्रात होते." मी बोलले, मुलांनी प्रश्न विचारले, चहा झाला. तेव्हा मागच्या रांगेतून एक म्हातारा माणूस काठी टेकत पुढे आला. नात त्या कॉलेजात शिकते म्हणून तो आला होता. आधी तो त्या प्राध्यापिकेला म्हणाला, "बाई, तुमी ते चुकीचं वाचलंत. हिचा बापूस कंपाउंडर होता. आमच्या सगळ्या वाडीला म्हाईत हाय." ती बिचारी लाल झाली, मला म्हणाली, "सॉरी मॅडम, आमच्याकडून काहीतरी गडबड झाली." मी म्हटलं, "असू दे."

मग तो माझ्याकडे वळला. "वळखलंस काय गो मना? कशी वळखशील. तवा तू बापसावर अशी ओरडलीस, मी पुडी घेऊन समोरच होतो."

त्या म्हातारीचा मुलगा. मी त्याच्यासाठी खुर्ची पुढे ओढली. मी म्हटलं, "काका, तेव्हा मी लहान होते." तो म्हणाला, "अगो, तू बराबर बोललीस की. पर तुला ठाव नव्हतं. तुझा बापूस तीन दिसांच्या गोळ्या का द्यायचा? आमी वरची माणसं. सात दिसांच्या घेऊन गेलो की कोण परत येतोय? बरं वाटलं तरी येत नाय, वाईट झालं तरी येत नाय, पार सडल्यावर येतो. म्हणून तो गोळ्या राखून ठेवायचा. गोळ्यांसाठी तरी चौथ्या दिवशी उतरतील, मग जखम बघता येते, ड्रेसिंग बदलता येतं."

मी विचारलं, "आणि मग सातच्या द्यायला लागले ना?"

"लागले. तुझ्या शब्दावर. म्हणायचे, माझी पोरगी शिकलीय, ती सांगते ते बराबर. पर मग चौथ्या दिवशी येणार कोण? तर हेच यायला लागले. डब्यात पट्ट्या, बाटली, सगळं घेऊन. दर आयतवारी आमच्या नायतर पलीकडच्या वाडीला. माझ्या आयेचा पाय त्यांनी आमच्या पडवीत बसून बरा केला. आन शेवटचा तो खुंट, तो आमच्याच वाटेवर घुसला. कारवी तोडलेली होती नुकती. आमी म्हटलं, डोली करतो. तर म्हणाले, मी काय आजारी हाय काय?"

नात त्याला बोलवायला आली, एसटीची वेळ झाली होती. मी त्याच्याबरोबर फाटकापर्यंत गेले. मला विचारायचं होतं, कुठल्या आठवड्यात, कोणाची जखम बघायला आले होते त्या दिवशी, ती बरी झाली का. पण गाडी लागली होती, तो चढला.

तिथून मी थेट पोलादपूरला आईकडे गेले. ती ओट्यावर तांदूळ निवडत होती. मी म्हटलं, "आई, आबा रविवारी नदीवर जात नव्हते." तिने मान वर केली नाही. "मासे कधी आणलेले बघितलेस काय त्यांनी?" मी म्हटलं, म्हणजे तुला माहीत होतं? "मला नाय माहीत तर कोणाला? गॉज कोण कापून देत होतं?" मी म्हटलं, मग मला का नाही सांगितलंस, इतकी वर्षं? तिने सूप खाली ठेवलं. "त्यांनीच सांगितलेलं. पोरीला बोलू नको, तिला वाटेल तिच्यामुळं मला चढायला लागतं. मग पाय चिघळला, मग ते गेले. मग तर सांगायची सोयच नव्हती गो." तिने पुन्हा सूप घेतलं. निवडता निवडता म्हणाली, "आन खरं सांगू? त्यांना आवडायचं ते. तिकडनं आले की जेवायचे बघ कसे."

एक गोष्ट तुम्हाला कळायला हवी. आमच्या शास्त्रात आता असंही म्हणू लागलेत की प्रत्येक जखमेला लांबलचक कोर्स लागतोच असं नाही, कधी कधी थोडे दिवस पुरतात, पण माणसावर लक्ष ठेवणारं कुणीतरी हवं. मी पुस्तकातला सात वाचला होता. पुस्तकातसुद्धा तो आकडा कायमचा नव्हता. तुम्ही मात्र माझ्या आकड्यासाठी डोंगर चढलात, आणि तुमचा चौथा दिवसही सोडला नाहीत. चाचणीचा आराखडा लिहिताना मी त्यात घातलंय की नुसतं मलम देऊन पाठवायचं नाही, चौथ्या दिवशी जखम कुणीतरी स्वतःच्या डोळ्यांनी बघायची, आणि रुग्ण येऊ शकत नसेल तर आपण जायचं. समितीतल्या एकाने विचारलं, हे कुठल्या संदर्भावरून? मी म्हटलं, अनुभवावरून. ते चालून गेलं.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, ते मला माहीत आहे. आईलाही वाचून दाखवणार नाही. पण एवढं लिहिलंय तर हेही लिहिते. महाडच्या हॉलमध्ये त्या प्राध्यापिकेकडून काही गडबड झालेली नव्हती. कॉलेजने मला माझी माहिती पाठवायला सांगितली होती, आणि तो कागद मीच टाइप केला होता. वडिलांच्या पुढे आधी कंपाउंडर लिहिलं होतं. मग ते खोडलं, आणि लिहिलं, वैद्यकीय क्षेत्रात. ती मुलगी सगळ्यांसमोर माझी माफी मागत होती आणि मी म्हटलं, असू दे.